बंब धुमसतो? आधी धूर पाहा



गाळप हंगामाच्या आधी कारखान्याचा बॉयलर उघडून आतून साफ करतात, नळ्या तपासतात, आणि मगच त्याचे अग्निप्रदीपन होते. घरच्या न्हाणीतला तांब्याचा बंब हा छोटा बॉयलरच. फरक इतकाच की त्यात वाफेचा दाब धरायचा नसतो. पण त्याचे अग्निप्रदीपन आपण वर्षानुवर्षे साफसफाईवाचून करतो आणि थंडीत तो धुमसू लागला की नवा घ्यायच्या गोष्टी बोलू लागतो. आमचे सांगणे एवढेच की बंबाची बहुतेक दुखणी घरच्या घरी ओळखता येतात.

आम्ही मूळचे रायगड किनाऱ्यावरचे. तिकडे चौल, रेवदंडा, मुरुडच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत आंघोळीचे पाणी सोडणं, करवंट्या आणि झावळ्यांवर तापते. आपल्याकडे लाकूड, तुराट्या, भुसकट. जळण निराळे, पण दुखणी तीच.

पांढरा दाट धूर : जळण ओले आहे. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मे पाणी असते. त्यासाठी कारखान्यात भट्टीची खास रचना व हवेचे पंखे असतात. बंबाला तसले काही नसते. सोडण असो वा लाकूड, उन्हात खडखडीत वाळवूनच वापरा.

काळा धूर व काजळी : जळण जास्त, हवा कमी. जाळीखालची राख काढा आणि नळा एकदम ठासून भरू नका. मधल्या नळ्याला काजळीचा थर बसला की उष्णता पाण्याला लागत नाही, जळण मात्र जास्त जाते. बंब थंड असताना काथ्याने नळा घासून घ्या. पेटत नाही म्हणून वरून रॉकेल किंवा इंजिनाचे जळके ऑईल ओतणे तर मुळीच नको. भडका थेट तोंडावर येतो.

आग चांगली, पण पाणी उशिरा तापते : आत क्षार बसले आहेत. विहिरीचे पाणी जड असेल तर हे होणारच. चिंचेचे पाणी रात्रभर ठेवून सकाळी तोटीतून सोडून द्या. थर जाड असेल तर दोनतीनदा करा.

तळाशी किंवा सांध्याला गळती : बहुधा पाणी संपल्यावर आग चालू राहिलेली असते. पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. ते संपले की तापमान झपाट्याने चढते, आणि कथिल-शिशाचा डाख 183 अंशांच्या सुमारास वितळू लागतो. म्हणून आधी पाणी, मग आग. डाख तांबटाकडूनच द्यावा. त्यात शिसे असते, तेव्हा बंबाचे पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये. पाणी ओतायचे तोंडही कधी घट्ट बंद करू नये, वाफेला वाट हवी.

आता सर्वांत महत्त्वाचे. धूर दिसतो, म्हणून माणूस सावध होतो. पण निखारे लाल झाल्यावर धूर थांबतो आणि कार्बन मोनॉक्साईड वायू निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. दार बंद असेल तर माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून बंब न्हाणीत ठेवण्याची सवय आजच मोडा. बंब पडवीत किंवा उघड्या जागी ठेवा आणि पाणी बादलीने आत न्या. ज्यांनी गॅसचा गिझर बसवला आहे त्यांनाही हेच लागू. गिझर न्हाणीच्या बाहेर बसवा, आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. कुणाला भोवळ आलीच तर प्रथम मोकळ्या हवेत काढा, आग विझवायला नंतर जा, आणि लगेच दवाखाना गाठा.

जाता जाता आमच्या खात्याची एक विनंती. जळण कमी पडलं म्हणून उसाचं पाचट बंबात घालू नका. ते घटकाभरात जळून जाते. शेतात सरीत पसरले तर ओल धरते, कुजून खत होते. तोडणीच्या चिठ्ठीची वाट पाहता आहात तोवर एक सकाळ बंबासाठी काढा.

— ऊस विकास अधिकारी