शाळेचा सर्व्हर आपणच सांभाळूया : लिनक्सची रोजची कामे



निकाल, दाखल्यांच्या प्रती, सहलीचे फोटो हे सगळं आता कॉम्प्युटरवर असतं. ते एका जागी ठेवून बाकीच्या कॉम्प्युटरना पुरवणारा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. यासाठी उबंटू सर्व्हर ही लिनक्सवर आधारलेली मुक्तस्रोत प्रणाली मोफत मिळते. तिची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी ‘एलटीएस’ आवृत्ती घ्यावी. तिला ५ वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. पण मोफत म्हणजे बिनदेखभालीची नव्हे बरं का!

शिकायचे कुठून?

आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. त्यात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. एक धडा साधारण १० मिनिटांचा. आवाज मराठीत, पडद्यावरचा मजकूर मात्र इंग्रजीत, त्यामुळे खऱ्या आज्ञांची डोळ्यांना सवय होते. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर आपण तसंच करून पाहायचं. बोरिवलीकर असा की मुलुंडकर, घरबसल्या शिकता येतं.

१) चाव्या कोणाकडे?

लिनक्समध्ये ‘रूट’ हा सर्वाधिकारी. मुख्याध्यापकांकडच्या चाव्यांच्या जुडग्यासारखा. तो रोज हातात घेऊन फिरायचं नाही. साध्या खात्यातून काम करायचं आणि गरज पडली तरच आज्ञेआधी ‘सुडो’ लिहायचं. ‘आरएम’ ही खोडण्याची आज्ञा विशेष जपून वापरा. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते!

२) परवानगीचे गणित

हे तर आपल्या तिसरीच्या बेरजेचं. वाचणे = ४, लिहिणे = २, चालवणे = १. परवानगीत तीन अंक असतात. पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. समजा, गुणपत्रकाच्या फाइलला ‘सीएचमॉड’ या आज्ञेने ६४० दिले. मग वर्गशिक्षक वाचू-लिहू शकतात (४ + २ = ६), गटातले शिक्षक फक्त वाचतात (४), इतरांना काहीच नाही (०). फोल्डरमध्ये शिरायला मात्र तो १ लागतोच, म्हणून तिथे ७५० द्यावे लागते.

३) रोजची पाच मिनिटे

• ‘डीएफ’ : डिस्क किती भरली ते दाखवते. डिस्क काठोकाठ भरली की नव्या फाइल जतन होत नाहीत. निकालाच्या दिवशी हे कळून उपयोग काय?

• ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी अपग्रेड’ : दोन्ही सुडो लावून द्यायच्या. पहिली आज्ञा नवी पुस्तकयादी मागवते, दुसरी प्रत्यक्ष पुस्तकं आणते. नुसती यादी आणून थांबू नका.

• लॉग : सर्व्हरची नोंदवही. ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’मध्ये बरंच काही सापडतं. कोणी चुकीचा पासवर्ड टाकला, कोणती सेवा बंद पडली, सगळं वेळेसकट.

४) बॅकअप

सर्वांत मोलाचं काम हेच. डिस्क आज ना उद्या बिघडणारच. ‘आरसिंक’ ही आज्ञा फक्त बदललेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर नेते, त्यामुळे रोजचं काम लवकर आटोपतं. एक प्रत शाळेबाहेर ठेवा. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरलं तर शेजारी ठेवलेल्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतील ना? आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल परत आणून उघडून पाहा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न तपासलेली वही, आत काय आहे देव जाणे.

स्वाध्याय : जुन्या, रिकाम्या कॉम्प्युटरवर उबंटू सर्व्हर बसवा. एक फाइल बनवा, तिला ६४० परवानगी द्या, आरसिंकने तिची प्रत घ्या. मग मूळ फाइल मुद्दाम पुसा आणि प्रतीवरून परत आणा. हे जमलं की शाळेचा खरा डेटा सांभाळायला हात तयार झाला समजा. एका मुलाच्या दाखल्याची प्रत वेळेवर सापडली, तरी ही मेहनत वसूल!