पाकीट न उघडल्याने कर्ज फिटत नाही

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीची पत्रे वर्षभर न उघडताच खणात टाकली. घरात कळू नये, एवढाच हेतू. त्यांत काउंटी कोर्टाचेही एक पाकीट होते. ते उघडले तेव्हा मुदत टळून निकाल त्यांच्याविरुद्ध लागून चुकला होता.

आपल्या मंडळींना कर्जाची लाज फार. पण आपण गप्प बसलो की फावते ते वसुलीवाल्यांचे. म्हणून इंग्लंड व वेल्समधील कायद्याच्या चार गोष्टी येथे देत आहोत.

कोर्टाचा दावा आला की १४ दिवसांत उत्तर द्यावे. तेवढ्या वेळात दावा पोचल्याची पावती भरून पाठविली, तर एकूण २८ दिवस मिळतात. काहीच न केल्यास एकतर्फी निकाल होतो. निकालाची रक्कम महिन्याभरात पूर्ण न भरल्यास त्याची नोंद ६ वर्षे राहते आणि घरासाठी कर्ज काढताना आड येते.

कार्डाची थकबाकी ६ वर्षांहून जुनी असेल, त्या काळात पैसे भरले नसतील, लेखी कबुली दिली नसेल आणि दावाही झाला नसेल, तर १९८० च्या मुदतीच्या कायद्याचा बचाव घेता येतो. मात्र मुदत संपण्याआधी पाच पौंड जरी भरले, तरी ती नव्याने सुरू होते. तेव्हा फोनवरच्या दटावणीला घाबरून पैसे भरण्याआधी सल्ला घ्यावा.

२०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस'ची सोय आहे. अधिकृत सल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाल्यास बहुतेक कर्जांवरचे व्याज, दंड व वसुली ६० दिवस थांबते.

आणखी एक. नवऱ्याने एकट्याच्या सहीने घेतलेले कार्डाचे कर्ज बायकोवर किंवा मुलांवर येत नाही. वडिलांच्या पश्चात ते त्यांच्या मालमत्तेतून फेडले जाते. मुलांनी पदरचे भरावे, अशी कायद्याची सक्ती नाही.

सल्ल्याला पैसे पडत नाहीत. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, नॅशनल डेटलाइन आणि स्टेपचेंज या संस्था तो फुकट देतात. मग फी उकळणाऱ्या मध्यस्थांच्या दारी का जावे?

आमचे ते गृहस्थ अखेर सल्ला केंद्रात गेले. निकालानंतरही झेपेल असा हप्ता बांधून देण्याची विनंती कोर्टाला करता येते, हे त्यांना तेथे कळले. हप्ता आता सुरू आहे. वाचकहो, तुमच्याही खणात एखादे पाकीट पडले असेल, तर ते आजच उघडा.