न थांबणारा व्रण

भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. तेथील बागायतदार जाणतात, की नारळाच्या खोडावरील खाच भरून येत नाही. माणसाची जखम भरते. श्वासनलिकेत मात्र ती कधी गरजेपेक्षा अधिक भरते.

अतिदक्षता विभागात घशात घातलेल्या नळीच्या फुग्याचा दाब वाढला, की अस्तराचा रक्तपुरवठा खुंटतो, व्रण धरतो आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. पुष्कळदा ती दमा समजली जाते. दुर्बिणीतून मार्ग रुंद केला, तरी तो पुन्हा आक्रसू शकतो. व्रणाच्या तुकड्यात संशोधकांना तंतुपेशींसोबत रोगप्रतिकारक टी-पेशी व मॅक्रोफेजही आढळतात. त्यांच्या संकेतांनी तंतुपेशी कोलॅजन विणतच राहतात. मुद्दल फिटूनही व्याज चालू राहावे, तसे. संकेत देणारी पेशी ओळखली, तरच औषध नेमके योजता येईल. तोवर, नळी काढल्यानंतर दम लागू लागल्यास डॉक्टरांना त्या नळीची हकीकत अवश्य सांगावी.