माशी खाऊनही उपाशी

कुर्डुवाडीच्या एका शिक्षकांनी मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न विचारला. वर्गात दाखवण्यासाठी त्यांनी रोपवाटिकेतून दवबिंदू म्हणजे ड्रॉसेराची कुंडी आणली होती. ऊन लागू नये म्हणून ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील कपाटावर ठेवली. मुले रोज तिला मुंगी भरवत. तरीही महिन्याभरात पानांवरचे चिकट थेंब नाहीसे झाले आणि तांबूस पाने फिकट हिरवी पडली. खायला एवढे मिळत असताना रोप का खंगले?

याचे उत्तर ‘खाणे’ या शब्दातच दडलेले आहे. आपण अन्नातून ऊर्जा मिळवतो. कीटकभक्षी वनस्पती मात्र इतर झाडांप्रमाणेच प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करते. कीटकाकडून तिला मुख्यतः नत्र आणि स्फुरद मिळते. म्हणजे कीटक हे तिचे खत होय. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती आढळतात. तेथे जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो व पावसाने त्यातील क्षार वाहून जातात. खताचा तुटवडा असला तरी पाणी भरपूर असते आणि वर मोकळे आकाश असते.

चार्ल्स डार्विन यांचा या वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी ड्रॉसेराच्या काही रोपांना मांसाचे बारीक कण दिले, काहींना दिले नाहीत. मांस मिळालेल्या रोपांना बिया कितीतरी जास्त आल्या, पण न मिळालेली रोपेही जगली. कीटकांवाचून ही वनस्पती तग धरते. प्रकाशावाचून धरू शकत नाही.

थेंब का आटले, हेही आता समजेल. चिकट द्रव आणि पाचक विकरे तयार करण्यास साखर खर्च होते. मिळकत घटली की वनस्पती हा खर्च आधी कमी करते. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश व सहकाऱ्यांनी १९८४ साली असाच जमाखर्च मांडून दाखवले, की कीटक पकडण्याचा धंदा भरपूर प्रकाश, ओल आणि निकस जमीन असेल तेथेच परवडतो. थेंब नसलेल्या पानावर मुंगी ठेवली, तर ती पचण्याऐवजी कुजते, बुरशी येते व पान मरते.

पण खोली तर उजेडाची होती! येथे आपले डोळे फसवतात. ते उजेडाशी जुळवून घेत असल्याने फरक जाणवत नाही. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खोलीच्या कोपऱ्यात जेमतेम शंभर-दोनशे. साधी परीक्षा अशी: पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली ठळक पडली तर जागा चांगली, पुसट पडली तर कमी प्रकाशाची. पडलीच नाही तर तेथे ड्रॉसेरा ठेवू नये.

कुर्डुवाडीत पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे ऊन सोयीचे. तशी खिडकी नसल्यास दोन-तीन एलईडी नळ्या रोपावर वीतभर अंतरावर रोज १२ ते १४ तास लावाव्यात. प्रकाश आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. बोअरच्या पाण्यातील क्षार या मुळांना सोसत नाहीत. पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी बशीत ठेवावे. कुंडीत शेतातील काळी माती व खत घालू नये. पठारावरून रोपे मात्र मुळीच उपटून आणू नयेत.

वर्गासाठी प्रयोगही सोपा आहे. सारखी दोन रोपे घेऊन एक खिडकीत, दुसरे खोलीत आतल्या बाजूस ठेवा. कोणालाही कीटक भरवू नका. दर आठवड्याला एका पानावरचे थेंब भिंगाने मोजा. तीन आठवड्यांनी आतले रोप हळूहळू प्रकाशात आणा आणि नव्या पानांची वाट पाहा. त्या शिक्षकांनाही आम्ही हेच सुचवले आहे: मुंग्या बंद करा, कुंडी खिडकीत आणा. जुन्या पानांवर थेंब परत येतीलच असे नाही. नव्या पानावर काय दिसते, ते मुलांनाच पाहू द्या.