कोशातली अळी कोण मारतो? कोसा, विनय आणि आपली जबाबदारी

बौद्धाने रेशीम वापरावे का, असा प्रश्न तरुण कार्यकर्ते अनेकदा विचारतात. कोश उकळताना आतला जीव मरतो, मग पंचशीलातल्या पहिल्या शीलाचे काय? अहेरीकडच्या माणसाला हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी रेशीम म्हणजे तुतीचे. टसर, म्हणजेच कोसा, मात्र गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला. प्राणहितेपलीकडे तेलंगणात चेन्नूर, महादेवपूरलाही तो होतो.

अळी ते धागा

तुतीची अळी हजारो वर्षे माणसाने घरात पाळली. तिच्या पतंगाला आता उडताही येत नाही. टसरची अळी मात्र आजही उघड्या रानात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते. आपल्या भागात हे काम प्रामुख्याने ढिवर कुटुंबे करतात. पावसाळा लागला की अंडीपुंजांतून निघालेल्या अळ्या झाडांवर सोडायच्या. पुढे महिनाभर किंवा जास्त दिवस अळी पाला खाते आणि चार वेळा कात टाकते. तेवढे दिवस पाखरे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून तिची राखण करावी लागते. शेवटी ती देठाने फांदीला टांगलेला टणक कोश विणते. साधारणपणे पहिले पीक बियाण्यासाठी आणि नंतरचे बाजारासाठी. टसरच्या एका स्थानिक वाणाला ‘भंडारा’ हेच नाव आहे.

कोशात अळीचा पतंग होतो. तो एक द्रव सोडून कोशाचे तोंड मऊ करतो आणि बाहेर पडतो. तसे झाले की सलग धागा निघत नाही. म्हणून त्याआधीच वाफ किंवा उष्णता देऊन आतला जीव मारतात. मग कोश सोड्याच्या पाण्यात उकळून धागा काढतात. फुटलेले कोश वाया जात नाहीत. त्यांतून हाताने काढलेल्या जाड्याभरड्या सुताला घिचा म्हणतात. कोसा धाग्यापासून कोष्टी विणकर करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी विणतात.

हे कसब चीनमधून उसने आणलेले नाही. हडप्पाच्या उत्खननात चार हजार वर्षांपूर्वीचे रानटी रेशमाचे धागे मिळाले. आपल्या नेवाशाला ताम्रपाषाण काळातले तांब्याचे मणी ओवलेल्या दोऱ्यातही रेशीम आढळले. पुढे ज्या रस्त्यांनी चीनचे रेशीम पश्चिमेकडे गेले, त्याच रस्त्यांनी भिक्खू पूर्वेकडे गेले. दुनहुआंगच्या लेण्यात बुद्धाची चित्रे रेशमावर रंगवलेली सापडली.

आळवीचे रेशीमकार

विनयपिटकात या प्रश्नाला थेट भिडणारी एक कथा आहे. आळवी नगरातल्या रेशीम करणाऱ्यांकडे काही भिक्खू गेले. पुष्कळ कोश उकळून द्या, आम्हाला रेशीम घातलेले आसन करायचे आहे, असे त्यांनी सांगितले. ते कारागीर संतापले. आम्ही बायकामुलांचे पोट भरण्यासाठी हे जीव मारतो, तेच आमचे दुर्दैव आहे. तुम्हाला काय गरज, असा त्यांचा सवाल होता. तो भगवंतांच्या कानावर गेला आणि रेशीम घातलेले आसन करवून घेण्यास भिक्खूंना मनाई झाली. दुसरीकडे, चीवरासाठी मान्य केलेल्या सहा प्रकारच्या कापडांत रेशीमही आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. नियम कारागिरावर नाही, आपल्या सोयीसाठी जीव मारायला लावणाऱ्यावर आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणून कोसा पाळणाऱ्या ढिवराला हिंसक ठरवणे धम्माला धरून नाही. आळवीच्या कारागिराची अडचण तीच आज त्याची आहे. जाब द्यायचा तो हौसेखातर मागणी करणाऱ्याने.

मग आपण काय करायचे?

विहारात, समारंभात किंवा दानात रेशमाचा आग्रह नको, सुती चालते. घ्यायचेच असेल तर फुटलेल्या कोशांच्या घिचा कापडाची चौकशी करावी. पण खरेदीपेक्षा मोठे काम गावात आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोश यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्यांचा आहे. अनुसूचित क्षेत्रात 1996 चा पेसा कायदाही ग्रामसभेच्या बाजूने आहे. मात्र ढिवर समाज आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे वनहक्कासाठी त्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्या घरात जुना कागदच नाही, त्यांचे दावे इथेच अडतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, हे अनेकांना ठाऊकच नसते.

ऐन तोडला गेला तर कोसाही गेला आणि ढिवराची कमाईही. लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या तरुणांनी वनहक्क समितीसोबत बसून हे जबाब लिहून घ्यावेत, नकाशे काढावेत, दावे भरावेत. राखणीच्या दिवसांत ढिवर रानात असतो. म्हणून ही कामे पावसाळ्याआधीच उरकायला हवीत.