टाइम लूप असेल, तर दिसेल का?

मंडळी, मागच्या भागात मी बिनधास्त बोलून गेलो की काळाचा लूप कधीच दिसणार नाही. त्यावर एकीची व्हॉइस नोट आली: "दादा, जे दिसणारच नाही, ते विज्ञान कसं?" बोचलं राव. वाचत बसलो, तर माझं विधान अर्धंच बरोबर निघालं.

शास्त्रीय नाव 'बंद कालसदृश वक्र'. म्हणजे असा प्रवास, ज्यात तुमचं घड्याळ सतत पुढेच चालतं, प्रकाशाचा वेग तुम्ही कुठेच ओलांडत नाही, आणि तरी पोचता स्वतःच्याच भूतकाळात. कोडमध्ये इन्फिनिट लूप लागला की लॅपटॉपचा पंखा बोंबलतो, लगेच कळतं. इथे तसं नाही. वाटेच्या छोट्या तुकड्यावर कितीही मोजमापं घ्या, सगळं नॉर्मल. गडबड दिसते ती अख्ख्या फेरीत.

मग बाहेरून बघूया? रॉय केर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या फिरत्या ब्लॅक होलच्या गणितात असे लूप आहेत, पण घटनाक्षितिजाच्या खूप आत. तिथून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही. इथपर्यंत मी बरोबर होतो.

चुकलो ते कुर्त गोडेलपाशी. १९४९ मध्ये, आइन्स्टाइनच्या सत्तरीच्या निमित्तानं, त्यानं त्याच्याच समीकरणांतून अख्खं फिरणारं विश्व काढून दाखवलं. त्यात कुठूनही निघा, भूतकाळात जाणारी वाट आहेच. गंमत अशी की इथे लूप बघायची गरजच नाही. विश्व तसं आहे का, एवढं तपासायचं. गोडेलचं विश्व प्रसरण पावत नाही. आपलं पावतं, दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लालसर सरकलेला दिसतो. म्हणजे ते मॉडेल बाद! प्रसरण पावणारं आणि फिरणारं विश्व असतं, तर बिग बँगनंतरच्या त्या जुन्या प्रकाशावर पिळासारखा ठसा उमटू शकला असता. प्लँक उपग्रहाच्या नकाशात तोही शोधला. आपल्या विश्वाशी जुळेल असा काही मिळाला नाही.

हॉकिंगची पार्टी आठवते? २८ जून २००९, निमंत्रणं पार्टी झाल्यावर पाठवली, कोणी आलं नाही. किस्सा भारी, पण पुरावा म्हणून मला कच्चाच वाटतो. लूप उद्या कुणी तयार केला, तर तो तयार होण्याआधीच्या काळात त्यातून जाताच येत नाही. पाहुणे येणार कुठून? हॉकिंगचं १९९२ चं अनुमान जास्त वजनदार आहे: लूप बनायच्या आतच निसर्ग तो मोडतो. ते अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत लागेल, आणि तो अजून पूर्ण हाती आलेला नाही.