ड जीवनसत्त्वाची पुडी : औषध की प्रसाद?

आपल्या वस्त्यांमध्ये एक नवीच रीत रुजली आहे. गुडघे दुखले, कंबर धरली, थकवा आला, केस गळू लागले, की मेडिकलवर जायचे आणि "ती डी थ्रीची पुडी द्या" म्हणायचे. मेडिकलवालाही चिठ्ठी न मागता पुडी काढून देतो. एकीला बरे वाटले की चाळीतल्या आणखी चार जणी घेतात. रोज घ्यायची की आठवड्याने, किती दिवस घ्यायची आणि थांबायचे कधी, याचा पत्ता ना घेणाऱ्याला, ना देणाऱ्याला. देवळातला प्रसाद वाटावा तशी ही पुडी वाटली जात आहे. प्रसाद नाकारून चिकित्सा स्वीकारलेल्या समाजाने तरी ती तशी खाऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

मी डॉक्टर नाही, वकील आहे. कोणाला किती औषध द्यायचे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. परंतु कागद वाचणे हा माझा रोजचा धंदा आहे, तेव्हा त्या पुडीवर काय छापले आहे ते आधी वाचू. तिच्यावर ६०,००० युनिट असा आकडा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली जाहीर केलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाची ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज भरलेली आहे! देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० युनिट धरली जाते. मग ज्या वस्तूत शंभर दिवसांचा शिधा एका चमच्यात मावतो, तिला टॉनिक कसे म्हणायचे?

कमतरता हे थोतांड आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ती खरी आहे. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. मोठ्यांची हाडे मऊ पडतात, मांड्यांतली ताकद जाते, खाली बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. अशा माणसाला औषध मिळालेच पाहिजे.

उन्हाच्या देशात हे होते कसे? कातडीवर ऊन पडले की शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करते. परंतु ते ऊन दुपारच्या सुमाराचे लागते, काचेतून आलेले चालत नाही, आणि सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आता आपल्या माणसांचा दिवस पाहा. सफाई कामगार पहाटे अंधारात बाहेर पडतो. घरकाम करणारी बाई चार घरांच्या स्वयंपाकघरांत दुपार घालवते. रात्रपाळीचा वॉचमन दिवसा झोपतो. पुनर्वसनाच्या नावाखाली ज्या इमारतींत आपल्याला कोंबले, त्यांतल्या खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. मानखुर्द गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. तो क्षयरोगाविषयी होता, पण त्याने बोट ठेवले ते ऊन आणि वारा आत येऊ न देणाऱ्या बांधणीवरच. ऊन नाकारणारी इमारत बांधायची आणि नंतर उन्हाची पुडी विकायची, हा व्यवहार कोणाच्या फायद्याचा आहे, ते वाचकांनी ठरवावे.

तर औषधाकडे येऊ. कमतरता ठरल्यावर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची एक पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सहा ते आठ आठवडे देतात. त्यानंतर मात्रा खाली आणतात, महिन्याला एक किंवा रोजची लहान गोळी. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून ते जेवणानंतर घेतलेले बरे. आठ आठवड्यांच्या आठ पुड्या म्हणजे ४,८०,००० युनिट. तोच माणूस गैरसमजाने रोज एक पुडी घेऊ लागला, तर तेवढ्याच काळात ५६ पुड्या, म्हणजे ३३,६०,००० युनिट पोटात जातात. हा गैरसमज काल्पनिक नाही. माझ्याकडे एका जुन्या पक्षकाराने आईची फाईल आणली होती. चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असे काहीतरी गिचमिडले होते, माऊलीने ते रोज समजून दीड महिना घेतले. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी आणि शेवटी बोलण्यात भ्रम. घरचे म्हणत होते, वय झाले. रक्तात कॅल्शियम भलतेच वाढलेले निघाले आणि मूत्रपिंडावर ताण आलेला होता.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. 'ब' किंवा 'क' जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. 'ड' तसे नाही. ते चरबीत साठते आणि औषध बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने, अंगात राहते. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेते, हाडांतलेही बाहेर काढते. ते कॅल्शियम मग मूत्रपिंडात बसते, मुतखडा होतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ साली असे रुग्ण नोंदवले आहेत. मोठ्या मात्रेची इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेतल्याने त्यांना विषबाधा झाली होती. ऊन कितीही घेतले तरी अशी विषबाधा होत नाही, कारण शरीर स्वतःच उत्पादन थांबवते. पुडीला तसा लगाम नाही.

काहींनी तर जास्तच सांभाळले पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडीला हात लावू नये. क्षयरोग्यांनीही, कारण या आजारात शरीर कधीकधी हे जीवनसत्त्व आपणहून जास्त सक्रिय करते आणि कॅल्शियम चढते. आपल्या वस्त्यांत क्षय किती आहे, हे मी सांगायला नको. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि घरातल्या डब्या एकदा टेबलावर मांडून बघाव्यात. कॅल्शियमच्या गोळीत 'ड' असते, मल्टीव्हिटॅमिनमध्ये असते, डब्यातल्या पावडरीतही असते. सगळ्याची बेरीज कोणीच करत नाही.

तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट पुरतात. थेंबांच्या बाटलीत किती मिलिलिटरला किती युनिट हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून बाटली बदलली की माप पुन्हा विचारावे. मोठ्यांची पुडी अर्धी करून लेकराला देणे हा तर शुद्ध अविचार.

म्हाताऱ्यांना "वर्षभराचे एकदाच" म्हणून मोठे इंजेक्शन देण्याचीही एक पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या सव्वादोन हजारांवर स्त्रियांवर प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिलेल्या स्त्रिया कमी पडायला हव्या होत्या. त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. बेगमी धान्याची करावी, या औषधाची नाही.

तपासणीबाबतही दोन शब्द. अहवालात आकड्याबरोबर एकक वाचावे. २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल म्हणजे एकच पातळी. लॅबच्या जाहिराती तीसच्या खालच्या प्रत्येकाला रोगी ठरवतात. ज्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली हा तीसचा आकडा पुढे केला होता, तिनेच २०२४ साली तो मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असे सांगितले. उपचारानंतरची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी, आधी करून पैसे घालवू नयेत.

आता माझ्या प्रांतातले. वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे लागते. तेव्हा "डॉक्टरसाहेब, आठवड्यातून एकदा हे मराठीत लिहा, वार लिहा, शेवटची तारीख लिहा" असे म्हणताना संकोच कशाला? हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे. रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाने केसपेपर मागितले तर ते ७२ तासांत द्यावे लागतात. पुडी घेताना पक्के बिल घ्यावे आणि पाकीट उलटून पाहावे. औषध असेल तर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. त्याऐवजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर ती वस्तू अन्न म्हणून विकली जात आहे. ती औषधाच्या किमतीत आणि औषधाच्या नावाने गळ्यात मारू देऊ नये. जनऔषधी केंद्रात हेच औषध स्वस्तात मिळते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते आणि पैसे मोजून घेतलेल्या उपचारातल्या हलगर्जीबद्दल ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच शांता खटल्यात सांगितले आहे.

आपली मंडळे जयंतीला आरोग्य शिबिरे घेतात, चांगलेच आहे. औषध कंपनीचा माणूस फुकट पुड्यांचा खोका घेऊन आला, तर कार्यकर्त्यांनी त्याला आधी विचारावे की नावनिशीवार नोंद कोण ठेवणार आणि आठ आठवड्यांनी परत कोण येणार. उत्तर नसेल तर खोका परत न्यायला सांगावे. उत्तर असेल, तर प्रत्येक रुग्णाच्या हातात आठ चौकटींचा एक कागद द्यावा. दर रविवारी एक पुडी, एक खूण. आठवी खूण झाली की पुडी बंद आणि डॉक्टरांची भेट. झेरॉक्सला रुपया दोन रुपये लागतील, तेवढे मंडळाच्या वर्गणीतून सहज निघतात.